मोजणीचा चहा

मोजणीदार म्हणजे पिकल्या मिशांचा, पान चघळणारा कुणीतरी येणार, अशी माझी खात्री होती. आला तो सव्वीस-सत्तावीसचा, सटाण्याकडचा हिरामण आहेर. चुन्याची पाटी बांधावर ठेवत म्हणाला, "तुमच्याकडून झेंडी कोण धरणार?"

"मी," म्हटलं. "का, बाईच्या हातात झेंडी वाकडी उभी राहते?"

"बघू की," म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला... मेला.

सत्त्याण्णव साल. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंती फुललेली, थंडी अशी की बोटं वळेनात. आई गेलेली. आणि भाऊंचं, माझ्या वडिलांचं, काकाशी बांधावरून बिनसल्यापासून चुलतबहिणीही माझ्याशी बोलेनाशा झालेल्या. चार वर्षं मी शेवंतीशीच बोलत होते. खोटं नाही सांगत.

झेंडी धरायची म्हणजे शेताच्या टोकाला उभं राहायचं. तो तिपाईवरच्या दुर्बिणीशी, मी लांब. हाक पोचत नाही, म्हणून खुणा. ज्या बाजूचा हात हलवेल त्या बाजूला सरकायचं. दोन्ही हात वर म्हणजे — बरोबर, आता हलू नका.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हात वर केले ते खाली घेईचना. मीही हलले नाही. इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं...

दुपारी चहा नेला. "नको," म्हणाला. "मोजणी चालू असताना दोन्हीकडचा चहा मला चालत नाही."

"विष नाही घातलं."

"म्हणून तर जड जातंय." दुर्बिणीकडं वळत — "फाइल बंद झाली की येईन. तेव्हा द्याल?"

"आधी या तर."

सगळे मला ताई म्हणायचे. तो एकदाही म्हणाला नाही.

संध्याकाळी चुना पडला आणि शेवंतीची शेवटची ओळ काकाच्या हद्दीत गेली. भाऊ लालबुंद. "चहाला शिवला नाही तेव्हाच ओळखलं. तिकडं जेवून आला असणार."

त्यानं मान खाली घालून सह्या घेतल्या. जाताना हळूच म्हणाला, "खोटी रेघ ओढली असती, तर कोणत्या तोंडानं तुमच्याकडं चहा मागितला असता?"

मला राग आला होता. पुढं राग गेला, पण तो काही आला नाही.

भाऊंनी अपील केलं. दहा महिने फाइल उघडीच. रोज संध्याकाळी चहा टाकताना हात आपोआप तिसऱ्या कपाकडे जायचा. मग मी तो परत फळीवर ठेवायची. फेरमोजणीला दुसरा आला, अगदी पिकल्या मिशांचा. चुना त्याच जागी पडला. भाऊ कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत बसले. "पोरगं खरं होतं," म्हणाले आणि आत गेले.

पंधरा दिवसांनी रस्त्यावर एसटी थांबली. तो उतरला. जुनी पायवाट आता काकाकडं गेलेली, त्यानं ती मोडून कांदा लावलेला, त्यामुळं चुकला आणि त्या कांद्यात शिरायला लागला. एवढ्या लांब हाक कशी पोचणार? मी ओट्यापुढं उभी राहून उजवा हात हलवला. तो थबकला. सरकला. अजून... अजून थोडं...

चार पावलांवर आला तेव्हा मी दोन्ही हात वर केले.

"फाइल बंद झाली," तो म्हणाला.

माझे डोळे भरले होते, पण हात काही खाली येईनात.

मागं ओट्यावरून भाऊंचा आवाज आला, "दीपे, हात खाली घे आणि चहा टाक. तीन कप."