ताणलेल्या स्प्रिंगा

"बाई, या गोणीत दगडं भरले का काय? माहा पाय गेला ना..."

"पाय काढा मंग," मी म्हटलं.

केनवडहून वाशीमला निघालेल्या एसटीत आमची ओळख झाली ती ही अशी. गोणीत दगड नव्हते, आमच्या जुन्या जीपच्या इंजिनचं हेड होतं. जीप पन्नास वर्षांची. दर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा तिच्यावरच विराजमान होते. यंदा पप्पांचे गुडघे गेले आणि इंजिनही गेलं. "गाडी मीच दुरुस्त करीन आन् मीच चालवीन," असं मी जयंतीच्या भर बैठकीत सांगून बसले होते. मला नाही तोंडावर ताबा!

उतरताना त्यानं गोणीचं एक टोक धरलं. "कुठं न्याची?" मी गॅरेजचं नाव सांगितलं, तर तो गालात हसला. "थे माहंच हाये."

त्याचं नाव संघदीप. हात ऑइलनं काळे, पण काम असं हळुवार... मी बघतच राहिले. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या आठही स्प्रिंगा त्यानं टेबलावर उभ्या केल्या, एकेक मोजली.

"वापरून वापरून स्प्रिंगा बसतात, बुटक्या होतात. ह्या तं नव्यावानी लांब हायेत. कोणं सांभाळल्या?"

"मी," म्हटलं.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खरं तर त्या स्प्रिंगा बुटक्याच झाल्या होत्या. नव्या घ्यायला लागू नयेत म्हणून मीच घरी शिकंज्यात धरून, पकडीनं ओढून त्या लांब केल्या होत्या. सांगायला हवं होतं. पण ती नजर सोडवेना.

त्यानं नव्या स्प्रिंगांची दोन पाकिटं पुढं ठेवली. एक मऊ, एक कडक. "हेड उघडलंच हाये तं नव्याच टाकू, आन् जुन्या बसल्या नाईत म्हंजे तुमच्या मापानं कडकच लागन. टाकू ना?"

"टाका..." मी म्हटलं आणि घरी आले.

संध्याकाळी चहा पिता पिता पप्पांना सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. "कडक कायले? व्हॉल्व्ह उघडनारा दांडा घासून जाईन, पोरी. भर मिरवणुकीत गाडी बंद पडन."

संघदीपला फोन केला, त्यानं उचलला नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं वाशीम गाठलं. तो शेवटची स्प्रिंग बसवत होता.

"थांबा," मी म्हटलं. "मी खोटं बोलली. थ्या स्प्रिंगा मीनं ताणल्या होत्या."

त्याचा हात थांबला. "काहून नाई सांगतलं?"

"तुमी तसे पाहून राह्यले होते ना... वाटलं, हुशार समजले तं बरं."

तो हेडवर वाकला आणि एकेक स्प्रिंग काढत गेला. मी मऊ स्प्रिंगा एकेक करून त्याच्या हातात देत गेले.

"रागावले?"

"हो," तो म्हणाला. "गाडी थांबली असती तं गाव तुमालेच हसलं असतं. मले थे पाह्यल्या नसतं गेलं."

मला रडूच आलं. बरं वाटल्याचं रडू होतं ते.

चौदा तारखेला ऊन मी म्हणत होतं. तीन तास मी पहिल्या गिअरवर गाडी चालवली, आणि वाशीमहून आलेला संघदीप बोनेटच्या बाजूनं चालत राहिला. गाडी एकदाही अडली नाही. विहाराशी आल्यावर इंजिन बंद केलं, तेव्हा आठ दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला.

"आवाज कसा वाटला इंजिनचा?" मी विचारलं.

"नाई ऐकला. माहं ध्यान चालवनारीवर होतं."

"मंग एवढ्या उन्हात चालत कायले आले?"

"गाडी थांबलीच असती... तं तुमच्यापाशी कोणी पाह्यजे होतं."

"मले तुमी आवडता, संघदीप," मी म्हणून टाकलं. या वेळी दुसऱ्या दिवसावर ठेवलं नाही.

तो कानापर्यंत लाल झाला. मग दार उघडून शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "चाल घरी. तुह्या पप्पाले मी सांगतो."