पाण्याचं विरजण

"थांबा... तो पाइप नका लावू."

मयूरीनं वळून पाहिलं. मोसंबीच्या बागेतून एक उंच तरुण भराभर येत होता. बाह्या दुमडलेल्या, केसांत मोसंबीच्या फुलाची एक पांढरी पाकळी अडकलेली. पाचोडच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या या बागेत रात्रीपुरती गाडी उभी करायला गड्यानं हो म्हटलं होतं. मालक हा असणार.

"गाडीच्या टाकीत प्यायचं पाणी भरायचंय," ती म्हणाली.

"भरा की. पण त्या पाइपानं आम्ही फवारणीचं पाणी भरतो. औषध प्यायचं असंल तर गोष्ट वेगळी."

त्यानं खोलीतून दुसरा पाइप आणला. पांढरा, गुंडाळलेला, दोन्ही टोकं एकमेकांत घट्ट बसवलेली.

"असा का बांधलाय?"

"पिण्याच्या पाण्याचा आहे. तोंडाला तोंड लावून ठेवलं की मधे काही शिरत नाही. धूळ, मुंग्या..."

"माणसं?"

"माणसंही," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचे कान लाल झाले.

गाडीच्या दारातून मयूरीची आई, द्वारकाबाई, हे बघत होत्या. "नाव काय रे बाबा तुझं?"

"विश्वंभर."

"पाइपाएवढंच लांब आहे," मयूरी पुटपुटली. त्याला ते ऐकू गेलं.

हसतच त्यानं टाकीचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि त्याचं हसू मावळलं. "ही टाकी धुवायला लागंल. सगळी रिकामी करून."

"रिकामी नाही करायची." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "वरून भरा फक्त."

तो पाइप हातात धरून नुसता उभा राहिला. मग तीच गाडीच्या पायरीवर बसली आणि त्याच्याकडं न बघता सांगू लागली.

तिचे वडील, नाना, वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि एका जुन्या टेम्पोत त्यांनी घर मांडलं. झोपायला फळी, छोटा ओटा, पाण्याची टाकी. पहिल्या सहलीसाठी, नळाला पाणी आलं त्या दिवशी, टाकी त्यांनी स्वतः भरली. सकाळी निघायचं होतं... नाना उठलेच नाहीत. पुढं आईला घेऊन ती दोनदा बाहेर पडली, पण टाकी तिनं कधी तळाला जाऊ दिली नाही. थोडं पाणी मागं ठेवायचं, त्यावर नवं ओतायचं. दह्याला विरजण ठेवतात तसं. नानांनी भरलेलं थोडं तरी आत राहतं. त्यांच्या शहरात नळ इतक्या दिवसांनी येतो की, पाणी सांडत नाही म्हणून कुणी तिला नावंही ठेवली नाहीत.

विश्वंभर हसला नाही. "आमची आई म्हणते, दही आंबायला लागलं की घरचं विरजण टाकून द्यावं, शेजारून आणावं."

"दोन्ही खेपेला पोट बिघडलं माझं," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "लई वास येतो गं मयूरी त्याला."

"तू तर ढाब्यावरची शेवभाजी म्हणालीस..."

"मग काय म्हणू? तू एवढं जपतीस. तुझ्या जिवाला लागलं असतं."

"आई, मी तुझ्यासाठी जपत होते."

"तुझे नाना असते," द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तर दोघींना बोलले असते."

टाकीची तोटी मयूरीनं स्वतः सोडली. विश्वंभरनं कुदळीनं चर काढून पाणी एका नव्या रोपाच्या आळ्यात वळवलं. शेवटची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. ती बघत राहिली.

"फळ कधी धरतं?"

"चार-पाच वर्षं लागतात." तो माती सारखी करत होता. "मधे मधे बघायला यावं लागंल."

मग त्यानं जंतू मारायला विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतून वर पाणी भरलं. सगळे नळ सोडून नळ्यांतही ते खेळवलं. सकाळी ते पाणी नालीला सोडलं. "हे झाडाला नाही चालत." पांढऱ्या पाइपातून आधी नुसतं पाणी वाहू दिलं, मग टाकी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. दर खेपेला दोघं झाकणावर वाकून वास घेत होते. कपाळाला कपाळ लागायचं तेवढं राहिलं होतं.

"येतोय अजून?"

"मोसंबीच्या फुलांचा येतोय."

"तो टाकीचा नाही."

"माहितेय." तिनं त्याच्या केसांतली पाकळी अलगद काढली. कालपासून ती तिथंच होती.

शेवटचं पाणी भरून झालं. पहिला पेला द्वारकाबाईंनी घेतला. "गोड आहे," म्हणाल्या आणि कारण नसताना गाडीच्या पलीकडं गेल्या.

विश्वंभरनं पाइपाची टोकं जोडून तो तिच्या हातात दिला. "न्या हा. पाणी फार दिवस उभं ठेवू नका, बदलत जा."

"आमच्याकडं नळ रोज येत नाही."

"इथं विहीर आहे." तो थांबला. "मयूरी... मी पाण्याचं बोलत नाहीये."

तिनं दुसरा पेला भरला. अर्धा प्यायली, उरलेला त्याच्यापुढं धरला.

"उष्टं आहे," ती म्हणाली. "तुमच्या हिशेबानं स्वच्छ नाही."

पेला त्यानं दोन्ही हातांनी घेतला, आणि वास न घेताच सगळा प्यायला.