तीन नंबरच्या फाटकाची चिठ्ठी

“ओलं आहे ते!” ती ओरडेपर्यंत त्याने हात टेकवलासुद्धा.

टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर, नुकत्याच उमटलेल्या निळ्या अक्षरांच्या मधोमध, पाच बोटं उठली. त्याने आधी आपला तळवा पाहिला, मग कापड, मग तिच्याकडे.

“पुसू का?”

“खबरदार! आहे त्याचीही वाट लागेल. दारात पाटी लावलीय, हात लावू नये म्हणून.”

“वाचली ना. म्हणूनच वाटलं, एवढं काय आहे ते बघावं.” तो जराही ओशाळला नव्हता. “कुणाचं आहे हे?”

“पोहण्याच्या स्पर्धेचं.”

“मग चालेल की. पोहायला हात लागतातच.”

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ते जमलं नाही.

छापखाना तिच्या मामाचा. कापडी फलक, झेंडे, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते छापायचं, गिऱ्हाइकाचं मत विचारायचं नाही, हा मामाचा शिरस्ता. ती चार वर्षांपासून इथे छपाईची स्क्रीन ओढत होती. मजकूर डोळ्यांसमोरून जायचा, मनात शिरायचा नाही.

आलेला तरुण बंदरावर क्रेन चालवायचा. कामगार संघटनेचं काम घेऊन आला होता. बारा फलक हवे होते. मजकूर त्याने स्वतः लिहून आणला होता – ‘या पेट्या आमच्या हातून चढणार नाहीत.’

“कसल्या पेट्या?” तिने चार वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला.

“दारूगोळ्याच्या. दूरच्या एका लढाईत जातात. तिथे सध्या वस्त्यांवर बॉम्ब पडताहेत. कागदावर लिहिलेलं असतं ‘यंत्रांचे सुटे भाग’.”

“पण त्याने आपल्या देशाचं नाव मोठं होतं म्हणतात… म्हणजे, लोक म्हणतात.”

“पेटी मी वर उचलतो. चाळीस फुटांवरून खाली बघतो. देशाचं नाव कुठे दिसलं नाही अजून. खाली माझ्यासारखीच माणसं दिसतात, आणि जिथे पेटी उतरते तिथेही तशीच असणार.” मग एकदम आवाज उतरवून, “फार बोललो का? आमचे मास्तर म्हणतात, तुला क्रेनवरून उतरवता येतं, भाषणावरून नाही.”

मास्तर म्हणजे संघटनेचे चिटणीस. पूर्वी शाळेत शिकवायचे. तीस वर्षं बंदरावर रात्रशाळा चालवून त्यांनीच या मंडळींना वाचायला आणि भांडायला शिकवलं होतं.

फलकांखेरीज एक छोटं काम होतं. दोनशे चिठ्ठ्या. ‘गुरुवार, सकाळी सहा, तीन नंबरचं फाटक.’ बस्स, एवढंच. जहाज त्या दिवशी लागणार होतं, आणि कामगार फाटकातच बसकण मारणार होते. कंपनीला आधी कळलं तर सगळंच मुसळ केरात.

“ही चिठ्ठी बाहेर जायला नको. हातोहात फक्त आमच्या माणसांत.”

“चुकलेले ताव मी स्वतः फाडते,” ती म्हणाली. “शब्द देते.”

“शब्द नको. तुमच्या तोंडाकडे बघून कळतं.”

चिठ्ठ्या न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फलक न्यायला आला, आणि मग एक फलक नीट वाळला आहे का हे विचारायला आला. मामाने चष्म्यावरून पाहिलं. “हा क्रेनवाला बंदरावर कधी असतो?”

मंगळवारी झेंड्यांची मोठी ऑर्डर बांधायची होती. ‘देश आधी’ म्हणणाऱ्यांचा एक गट होता, त्यांचं काम मामाकडेच असायचं. छापखान्यात कागदाचा कपटा फेकत नसत. स्क्रीन नीट बसेपर्यंत जे पहिले पुसट ताव निघतात, ते माल गुंडाळायला वापरायचे, छापील बाजू आत. ही सवय तिच्या हातांना होती, डोक्याला विचारावं लागत नसे. झेंड्यांच्या पाच गठ्ठ्यांना तिने ताव लपेटले, दोरी आवळली. सगळा वेळ ती गालातल्या गालात हसत होती. तो सकाळीच म्हणाला होता, “अहो-जाहो फार झालं. मी तुला तू म्हटलं तर स्क्रीन फेकून मारशील का?”

“मारून बघते,” ती म्हणाली होती.

कंपनीने जहाज एक दिवस आधीच लावून घेतलं, आणि बुधवारी रात्रीच पेट्या चढल्या. दुसऱ्या बंदरातून आणलेली माणसं, फाटकावर पोलीस, आणि त्यांच्यापुढे ‘देश आधी’वाल्यांची भिंत, हातात कोरे करकरीत झेंडे. गुरुवारी सकाळी सहाला कामगार जमले तेव्हा धक्का रिकामा होता. जहाज क्षितिजावर.

शुक्रवारी झेंडेवाल्यांचा म्होरक्या आणखी शंभर झेंडे सांगायला आला. मामा पाठमोरा होता. म्होरक्या तिच्याकडे बघून खुशीत म्हणाला, “ताई, तुमचं पॅकिंग लाजवाब! बातमी बांधूनच पाठवलीत. गुरुवार, तीन नंबरचं फाटक, एकेका तावावर सोळा-सोळा वेळा. न वाचता कसं राहणार?”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चिठ्ठ्यांचे फाडायचे राहिलेले ताव… ते गुंडाळायच्या ढिगावर तिनेच ठेवले होते. आणि तिनेच उचलले होते. हसत हसत.

सांगायचं, आजच सांगायचं, असं घोकत ती संध्याकाळी समुद्राच्या कठड्याशी गेली. तो आधीच येऊन बसला होता. चेहरा उतरलेला.

“कुणीतरी फोडलं,” तो म्हणाला. “आतलंच कुणीतरी.”

“मला काहीतरी…”

“मास्तरांनी.”

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“त्यांचा जावई त्या झेंडेवाल्यांत आहे. गुरुवारची वेळ सगळ्यांआधी मास्तरांना ठाऊक होती. काल बैठक झाली. काढून टाकलं त्यांना.” मग समुद्राकडे बघत, “मीही हात वर केला.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. वारा होता, पाणी होतं, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. पण त्याने थकून तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. पहिल्यांदाच. आणि तिने ते तसंच राहू दिलं.

मग रोजच ते भेटू लागले. तो आरशात बघून केस बसवून यायचा आणि वाऱ्याने ते विस्कटले की तिच्यावर आळ घ्यायचा. ती त्याला ‘नेते’ म्हणायची. तो तिला ‘मालकीणबाई’. एकदा त्याने तिच्या मनगटावरचा शाईचा डाग अंगठ्याने घासून पाहिला.

“निघत नाही.”

“निघायचा नाही. सोड.”

“सोडायला कोण आलंय…”

दुसरी एखादी अशा वेळी आभाळात असती. तिला मात्र आपला हात त्याच्या हातात चोरलेल्या वस्तूसारखा वाटायचा. बोलता बोलता मास्तरांचं नाव निघायचंच. “तीस वर्षं ज्याने शिकवलं तोच…” असं तो म्हणायचा, आणि ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायची. उद्या सांगू. त्याची पाळी बदलली की सांगू. मामाला कळलं तर छापखान्यावर दगड येतील, हेही एक निमित्त होतं. खरं कारण तिला पक्कं माहीत होतं – तो पुन्हा येणार नाही. स्वतःचीच तिला किळस येऊ लागली होती, आणि तरी संध्याकाळी ती वेणी नीट घालत होती.

असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी छापखान्यात एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, हातात घडी केलेला कागद. पाटी वाचून ते टेबलापासून दोन पावलं लांबच उभे राहिले.

“पन्नास प्रती हव्यात, बाई. मजकूर मोठा नाही.”

तिने कागद उलगडला. वळणदार, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं अक्षर होतं. ‘मी बातमी फोडलेली नाही. माझ्यावर कुणी आरोप केला म्हणून रागावलो नाही. मला कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.’ खाली सही.

“रोज एकदा वाचून बघतो मी हे,” मास्तर म्हणाले. “पण आपली चूक आपल्याला दिसत नाही. तुम्ही जरा बघाल? एखादी राहिली असेल.”

तिने कागद टेबलावर पालथा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“बाई? बरं वाटत नाही का? बसा, बसा…”

“हे मी छापणार नाही,” ती म्हणाली.

“बरोबर आहे,” ते शांतपणे म्हणाले. “तुम्हालाही इथेच राहायचंय.”

“तसं नाही मास्तर. माझ्याबरोबर चला. आत्ता.”

संघटनेच्या खोलीत दुपारच्या पाळीची चाळीसेक माणसं होती. खिडकीपाशी तो होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, मागे मास्तर दिसले तसा विझला. कुणी खुर्ची दिली नाही. ती उभ्यानेच बोलली. ताव, सवय, झेंड्यांचे गठ्ठे, म्होरक्याचं वाक्य. सगळं क्रमाने सांगितलं. “मला तेव्हाच कळलं होतं. तीन आठवडे झाले. मी बोलले नाही.”

“का?” कुणीतरी मागून विचारलं.

तिने खिडकीकडे पाहिलं नाही. “भीती वाटली. एक माणूस जाईल म्हणून.”

मास्तरांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला. “तिकडच्या, न बघितलेल्या माणसांवर विश्वास ठेवायला मी तुम्हाला शिकवलं,” ते म्हणाले. “शेजारी बसलेल्यावर ठेवायचं शिकवायला विसरलो. माझीच चूक.” आणि ते निघून गेले.

जिन्यात त्याने तिला गाठलं.

“तू माझ्या शेजारी बसून ऐकत होतीस. मी त्यांना काय काय बोललो, सगळं.”

“हो.”

“एकदाही म्हणाली नाहीस, की थांब.”

“नाही.”

“मी तुझ्या तोंडाकडे बघून…” त्याने वाक्य सोडून दिलं. कठड्यावर हात आपटला. मग पायरीवर बसला. “तुझ्यावर ओरडायला आलो होतो. पण मला तर कुणी फसवलंही नव्हतं, मी आपणहून हात वर केला. तू निदान उभी राहून बोललीस.”

“तू मला सोडून जा. मी काही म्हणणार नाही.”

“आधी त्यांच्या घरी जायचंय. एकट्याने जिना चढवणार नाही माझ्याच्याने.” त्याने वर पाहिलं नाही. “येतेस?”

मास्तरांच्या दारात दोघं उभी राहिली. बेल कुणी वाजवायची यावर नजरेनेच भांडण झालं. तिने वाजवली.

दार मास्तरांनीच उघडलं. बारा फलकांचा मजकूर लिहिणाऱ्या माणसाला एक शब्द सुचेना.

“जोडीने आलात,” मास्तर म्हणाले. “म्हणजे माफी आणि लग्नाचं आमंत्रण एकाच खेपेत का?”

“तसं काही… मी अजून तिला विचारलेलं नाही.”

“विचारायचं तर होतं?”

तो लाल झाला. “होतं. आहे.”

ती चपलांकडे बघत राहिली. तीन आठवडे ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं, अशा दारात, अशा दिवशी आलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही, आणि त्या आनंदाचीच लाज वाटली.

“माफ केलं असं मी आज म्हणणार नाही,” मास्तर म्हणाले. “माझी बायको तीन आठवडे दुकानात गेली नाही. लोक तिच्याकडे बघतात म्हणून. आधी तिला सांगा. शब्द न् शब्द. मी मध्ये बोलणार नाही.” ते बाजूला झाले. “या आत.”

आतल्या खोलीत एक अरुंद बाकडं होतं. त्यावर दोघं अंग चोरून बसली. मास्तरीणबाई समोर येऊन बसल्या, हातातलं विणकाम बाजूला न ठेवता.

“कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

“मी,” दोघं एकदम म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मास्तरीणबाईंच्या देखत, न लपवता, तिचा हात आपल्या हातात घेतला.

“आधी मी,” ती म्हणाली, आणि मान वर करून सुरुवात केली.