समालोचन कक्षातली दुसरी खुर्ची

सहाव्या डावात सरोवराकडून पाऊस आला, मैदानावर ताडपत्री पसरली गेली आणि रोझलिन सिमचाक भिजत जिना चढून वर पळाली. जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. तो बेसबॉलचा समालोचन कक्ष निघाला. विस्कटल्या केसांचा एक उंच माणूस माईकसमोर एकटाच बोलत होता. खेळ थांबला तरी त्याला थांबता येत नव्हतं. बोलता बोलताच त्याने बाजूच्या खुर्चीवरची वही उचलली आणि दुसरा हेडफोन तिच्यापुढे सरकवला.

"कुणीतरी आत आलंय," तो श्रोत्यांना म्हणाला. "ओलीचिंब आहे. बाई, आमच्या पिचरच्या आजच्या चेंडूफेकीबद्दल तुमचं काय मत?"

"त्याला झोपेची गरज आहे," रोझलिन म्हणाली.

तो चमकला. हा आवाज सरोवराकाठच्या एरी शहरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. रोज दुपारी तीन ते सहा ती रेडिओवर खेळांबद्दल बोलायची, आणि ट्रकवाले, न्हावी, निवृत्त कामगार फोन करून तिच्याशी कडाकडा भांडायचे. अकरा वर्षं हेच चाललं होतं. सहाला माईक बंद झाला की मात्र तिच्याशी बोलायला कुणी नसे. घरी जाऊन ती सूप गरम करायची, उभ्यानेच प्यायची... आज आपण कुणाशी हळू आवाजात बोललो का, तिला आठवायचं नाही.

त्या दिवशी ती आणि तो समालोचक, क्लेटन हॅलब्रुक, दीड तास बोलत राहिले. पाऊस उघडल्याचं दोघांनाही उशिरा कळलं.

मग संघ एरीत खेळत असेल त्या प्रत्येक शनिवारी ती येऊ लागली. तो तिच्यासाठी खारे शेंगदाणे आणून ठेवायचा, ती त्याच्या आकडेवारीतल्या चुका काढायची. या छोट्या संघाबरोबर तो नऊ वर्षं बसने गावोगाव फिरत होता. मोटेलच्या खोलीत स्वतःशीच मोठ्याने बोलायची सवय लागलीय, हे त्याने जाहिरातींच्या मधल्या वेळात तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. माईक सुरू असला की दोघं खळखळून हसायचे. बंद झाला की... नजर चुकवायचे.

सप्टेंबरात पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या संघाने त्याला समालोचनासाठी बोलावलं. ज्यासाठी इतकी वर्षं काढली तेच काम. तिने शेवटच्या सामन्यात त्याचं अभिनंदन केलं, रेडिओवर करतात तसं, खणखणीत.

सामना संपला. बाकं रिकामी झाली. त्याने तारा गुंडाळल्या, पुन्हा उलगडल्या, पुन्हा गुंडाळल्या.

"तू थांब म्हणालीस तर थांबेन," तो म्हणाला.

"नाही म्हणणार. आणखी नऊ वर्षं त्या बसमध्ये तुला बघायचं नाहीये मला." ती हळू आवाजात बोलत होती. फोनवर भांडणाऱ्या कुणीही तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "पण ये म्हणालास – तर येईन."

"आणि तुझा कार्यक्रम? अकरा वर्षं, रोझ. इथे तुला अख्खं शहर ओळखतं. तिकडे कुणी ओळखणार नाही."

"शहर माझा आवाज ओळखतं, क्लेट. मला तू एकटाच ओळखतोस."

दीड तास पाऊस बोलून काढणारा तो माणूस तारा बाजूला ठेवून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. तिचा हात हातात घेऊन, कुठल्याच माईकला ऐकू गेलं नसतं इतक्या हळू, तो म्हणाला,

"ये."