हलवू नका

"हे माझ्या ओळखीच्या पोराबाबतीत घडलंय," म्हातारा नॉर्मन चहाचा मग खाली ठेवत म्हणाला. "गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार." बाहेर अंधार पडला होता. दिवसभर इंजिनं पुसून आलेली पोरं सरकून जवळ बसली.

त्या पोराचं नाव कॅलम. कॉलेज सोडून ससेक्समधल्या, हौशींनी चालवलेल्या या जुन्या रेल्वेवर फुकट राबायला आलेला. त्याला इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन व्हायचं होतं, आणि परवान्यावर सही लागायची शेडप्रमुख प्लमरची. सत्तरी उलटलेल्या प्लमरचं पोट आणि तोंड, दोन्ही सुटलेली.

काम साधं होतं. ॲटलांटिक इंजिन शेडबाहेर काढायचं. शंभर वर्षांपूर्वी लंडनहून समुद्राकडे धावणारी ही एक्सप्रेस इंजिनं सगळी भंगारात गेली. कुठेतरी एक बॉयलर सापडला, त्याच्याभोवती हे एकच नव्यानं उभं केलं.

कॅलम गेला तर इंजिनाच्या तोंडावर लाल फळी लटकत होती. 'हलवू नका.' तेल घालायला चाकांमध्ये शिरणारा माणूस ती लावून शिरतो, आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची.

कॅलमनं खाली टॉर्च मारला. कुणी नव्हतं. चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. फळी कुणाचीच नव्हती.

"मग काढ की," प्लमर म्हणाला.

"लावणारा सापडू दे, मिस्टर प्लमर."

"असाच विचार करत बसलास म्हणून कॉलेज सुटलं का रे?" सगळे म्हातारे खिदळले. "परवाना हवाय ना?"

कॅलमनं फळी काढली.

प्लमर चालवायला चढला. कॅलमनं हातब्रेक सोडला. शिटी. वाफ. चाक हललं... वीतभर.

खालून आवाज आला. शांत. जरासा वैतागलेला.

"थांब रे... मी आत आहे."

कॅलमनं ब्रेक आवळला. प्लमर पांढराफटक. त्यानंही ऐकलं होतं.

"कोण आहे?" कॅलमनं वाकून विचारलं.

...

"बाहेर या ना."

...

नॉर्मननं चहाचा मग परत उचलला.

"आणि तुम्ही चहाच ढोसत होता?" जोडी नावाच्या पोरीनं विचारलं.

"आम्हाला वाटलं, पोरगं काम टाळतंय."

"वा."

कॅलमच खाली शिरला. माणूस नाही. रक्त नाही. चाकांमधल्या तेलाच्या वाट्या त्या दिवशी कुणीच भरल्या नव्हत्या. त्या काठोकाठ भरलेल्या. बुचं घट्ट. शेवटची तेवढी उघडी... अर्धीच भरलेली.

दुसऱ्या दिवशी प्लमरनं परवान्यावर मुकाट सही केली. कॅलम तो न्यायला आला नाही.

त्या वाटीचं बूच अजून कुणाला सापडलेलं नाही.