आतून न उघडणारं दार

हे खरं घडलेलं आहे. वाचून झाल्यावर "छान कल्पना" असं खाली लिहिणार असाल तर आत्ताच दुसरीकडे जा. माझा भाऊ कल्पना नव्हता.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐका. ही दुपारची गोष्ट आहे. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार, सव्वातीन वाजलेले, बाहेर लख्ख ऊन. फरशीच्या दुकानाच्या वर एक रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, तिथे हे घडलं.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका माझ्या पायाखालच्या ब्रेकने निस्तरते. त्यामुळे स्वभाव काही गोड राहिलेला नाही. घरात आई आणि मी, दोघीच. आई अठ्ठ्याहत्तरची. कानाने अधू. बेल वाजली तरी तिला ऐकू येत नाही.

दादा एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. चौघांचा बँड होता. चौथा नंतर परदेशी गेला, त्याचं इथे काही काम नाही. राहिले गायक आणि ड्रमर. ड्रमरला सगळे ढोल्या म्हणतात, तो स्वतःही.

बावीस वर्षांपूर्वी हे चौघे एका कार्यक्रमाला निघाले होते. वाटेत भांडण झालं. दादा रागाने गाडीतून उतरला, आम्ही थांब थांब म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. असं त्यांनी आम्हाला सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं.

दिवस मावळत होता. मागून येणाऱ्या ट्रकला रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसला नाही.

आई त्या दिवसापासून दादावर रागावलेली आहे. रडली नाही, रागावली. "पाय आपटत गेला," एवढंच म्हणायची. "मेला तोही रागात." फोटोसुद्धा लावला नाही तिने. आणि मी सोळा वर्षांची होते, आई म्हणेल ते खरं. मीही रागावले. दादा तापट होताच. आमच्या घरात शांत माणूस जन्मालाच आलेला नाही.

पुढच्या वर्षी गायकाने दादावर गाणं लिहिलं.

वाटेत उतरलो मी, तुम्ही पुढे व्हा... मी मागून येतो.

दादा स्वतः बोलतोय असं गाणं. त्याच गाण्याने बँड मोठा झाला. हजारो माणसं हात वर करून "पुढे व्हा" ओरडायची. हे पुढे झाले. खूप पुढे झाले.

बावीस वर्षांनी गायकाचा फोन आला. जुनी गाणी पुन्हा करतोय म्हणाला, पण या वेळी वीज नाही, गोंगाट नाही. लाकडी गिटार, हलका ठेका आणि शब्द. ढोल्यासुद्धा ड्रमऐवजी लाकडी खोक्यावर बसून हाताने वाजवणार.

"शब्द ऐकू आले पाहिजेत गं," तो म्हणाला. "म्हणून त्याची ती गिटार हवी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज कमी करा, शब्द ऐकू येऊ देत, हे दादाचं वाक्य होतं. जेवताना, दात घासताना, तो तेच बोलायचा. तेव्हा हीच मंडळी त्याला म्हणायची, आम्ही काय पोरं झोपवायला निघालोय का.

आता ती गायकाची नवी कल्पना झाली होती.

आईला विचारलं. "देऊन टाक," ती म्हणाली. "कपाटावरची अडगळ तरी जाईल."

गिटार दिली. पण मी म्हटलं, ती माझ्या डोळ्यासमोरून हलणार नाही. वाजवून होईपर्यंत मी तिथे बसणार.

म्हणून त्या मंगळवारी मी तिथे होते.

खोली लहान. भिंतींवर जाड कापड. आवाज नको म्हणून एसी बंद, मोबाइल बाहेर टोपलीत. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, तिशीतला, या भानगडींशी काही देणंघेणं नसलेला. मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. काचेच्या आत गायक दादाची गिटार मांडीवर घेऊन बसला होता.

पहिली दोन गाणी झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू.

मग ते गाणं.

एकदा पूर्ण वाजलं. गायक डोळे मिटून गायला. मला काचेतून दिसत होतं, इथे हेडफोनवर ऐकूही येत होतं. सगळं नीट होतं.

रेकॉर्डिस्टने ते परत लावलं.

वाटेत...

आणि पुढे काहीच नाही.

गिटार होती, खोक्याचा ठेका होता, पण "उतरलो मी" हे शब्द नव्हते. मग एकदम "तुम्ही पुढे व्हा".

"माइक बिघडला असेल," गायक म्हणाला.

"बिघडला असता तर पुढचंही गेलं असतं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याने वायर बदलली, मग माइकच बदलला. दुसऱ्यांदा गायले.

परत लावलं.

वाटेत...

पुन्हा कोरं. पण या वेळी त्या कोऱ्या जागेत मागे काहीतरी होतं. अगदी बारीक.

घर्रर्र...

"खुर्ची सरकवली का कोणी?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

कोणीच सरकवली नव्हती. रेकॉर्डिस्टने आमच्या बाजूचा पंखा बंद केला. खाली दुकानात जाऊन फरश्या ओढू नका म्हणून सांगून आला. तो परत येऊन म्हणाला, दुकान आज बंद आहे.

तिसऱ्यांदा गायले.

मी गायकाच्या ओठांकडे बघत होते. "उतरलो मी" तो स्पष्ट म्हणाला. शपथेवर सांगते.

परत लावलं.

वाटेत...

घर्रर्र... खट्.

आणि मग...

टक टक.

उकाड्याने घाम आलेला होता, तोच गार झाला.

कारण तो आवाज मला पाठ होता.

बँडची एक पांढरी व्हॅन होती. तिचं मागचं दार बाजूला सरकणारं. आतलं हँडल तुटलेलं. मागे बसलेल्याला ते उघडताच यायचं नाही, बाहेरून कोणीतरी सरकवावं लागायचं. व्हॅन आमच्या दाराशी थांबली की दादा आतून पत्र्यावर वाजवायचा, टक टक. आणि मी जिना उतरून धावत जाऊन दार सरकवायची. घर्रर्र. म्हणून तो मला खिट्टी म्हणायचा. "ही माझी खिट्टी. हिच्याशिवाय मी बाहेर पडू शकत नाही." आईला ते नाव आवडायचं नाही. खिट्टी मला जगात फक्त दादा म्हणायचा.

मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, "हे व्हॅनचं दार आहे. आतला माणूस पत्र्यावर वाजवायचा, मग मी दार उघडायची."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग एकेक माइक बंद करत गेला. गायकाचा बंद केला, आवाज होताच. ढोल्याचा बंद केला, होताच. शेवटी एकच उरला.

"मॅडम, हे गिटारच्या माइकमधून येतंय."

काचेच्या आत गायकाने गिटार मांडीवरून खाली ठेवली. पटकन ठेवली. गरम तवा खाली ठेवावा तशी.

मी आत गेले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती बावीस वर्षं उशिरा फिरत होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ते दार आतून उघडत नव्हतं. जगात ते सगळ्यात जास्त मला माहीत होतं. आणि बावीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, की मग दादा उतरला कसा.

आणि ही गिटार. ती चार दिवसांनी ढोल्याने घरी आणून दिली होती. म्हणजे ती गाडीत राहिली होती. स्वतःहून रुसून उतरणारा माणूस गिटार गाडीत ठेवून उतरतो? दादा न्हाव्याकडे जातानाही ती पाठीवर टाकून जायचा.

"दार कोणी उघडलं?" मी विचारलं.

गायक म्हणाला, "कसलं दार?"

"व्हॅनचं. बाहेर उतरून कोणी सरकवलं?"

तो मला समजवायला लागला. जुनी गोष्ट आहे, तू लहान होतीस, आपण सगळेच थकलोय. गोड आवाज आहे त्याचा. त्यावरच पोट आहे त्याचं.

ढोल्या खोक्यावर बसून होता. मान खाली. "मी चालवत होतो," तो म्हणाला. "मी सीटवरून उठलो नाही."

"गप्प बस," गायक म्हणाला.

"बावीस वर्षं गप्पच आहे," ढोल्या म्हणाला. "तो मागून सारखा बोलत होता, आवाज कमी करा, हे गाणं हळू वाजवू. ह्याचं डोकं फिरलं. मला गाडी थांबव म्हणाला. खाली उतरला, दार सरकवलं आणि दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. म्हणाला, चालत ये, डोकं थंड होईल."

"अर्ध्या तासावर गाव होतं," गायक म्हणाला. आता आवाज गोड नव्हता. "मरेल असं मला काय माहीत."

"तुम्ही परत गेलात का बघायला?"



"कार्यक्रम होता," ढोल्या म्हणाला.

म्हणजे दादा रस्त्यावर पडलेला होता आणि हे स्टेजवर वाजवत होते. मग ह्याने त्याच्याच तोंडी गाणं घातलं. उतरलो मी, तुम्ही पुढे व्हा. माझ्या आईने त्याच शब्दांवर विश्वास ठेवून पोराचा फोटो भिंतीला लागू दिला नाही. मी गायकाला त्या खोलीत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे पान काढून टाकतील.

तेवढ्यात काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. त्याला काही माहीत नव्हतं. तो आपला तेच तेच लावून ऐकत होता.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही म्हणालात आतला माणूस वाजवायचा, मग दार उघडायचं."

"हो."

"इथे उलटं आहे. आधी दार सरकतं, मग लागतं... आणि मग टकटक आहे."

मला आधी कळलंच नाही.

ढोल्याला कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"गाडी सुरूच होती," तो हातांच्या आडून म्हणाला. "ह्याने त्याला उतरवलं, दार ओढून लावलं, पुढे येऊन बसला. मी पहिला गिअर टाकला. तो बाजूने धावत होता... पत्र्यावर वाजवत होता. मला आत घ्या म्हणून."

दोनदाच वाजलं होतं. मग गाडीने वेग घेतला असणार.

मी गिटार उचलली आणि निघाले. जिन्यात रेकॉर्डिस्ट मागून आला. म्हणाला, साहेबांनी ते तिन्ही टेक पुसायला सांगितलेत, पुसले. पण पुसल्यावर काहीच न वाजवता नुसतं कोरं रेकॉर्डिंग लावलं, तरी त्यात ते येतंय. हे बोलताना त्याची नजर गिटारच्या केसवर होती. जवळ मात्र आला नाही.

बँडचा तो नवा संच पुढे बाहेर आला. सगळी गाणी हळू, शांत, शब्द स्वच्छ. फक्त ते एक गाणं जुन्याच अवतारात टाकलंय, कानठळ्या बसवणाऱ्या ड्रमसकट. लोक विचारतात, हेच का असं. गायक सांगतो, त्या गाण्याचा जोश घालवायचा नव्हता. वा रे जोश.

त्या दिवशी घरी आले. आई खुर्चीत बसली होती. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मोठ्याने, शब्दन् शब्द. दोनदा सांगावं लागलं.

ती उठली. गिटार केसमधून काढली आणि पदराने पुसायला लागली. पुढून, मागून, तारांच्या खालून. पुसतच राहिली.

"मी त्याला काय काय बोलले गं," एवढंच म्हणाली.

खिडकीतलं ऊन खाली गेलं होतं. दिवस मावळत होता.

आणि...

टक टक.

आमच्या दारावर. लाकडाचं दार आहे आमचं. आवाज पत्र्याचा होता.

मी हलले नाही. मला वाटलं, मलाच ऐकू आलं असेल.

पण आईने मान वर केली. बेल ऐकू न येणाऱ्या माझ्या आईने दाराकडे बघितलं.

"उघड की," ती म्हणाली. "खिट्टी, दार उघड."

मी उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिना रिकामा, खालच्यांच्या चपला जागच्या जागी.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. फोटो भिंतीवर लागलाय. दाराची कडी आम्ही लावत नाही, नुसतं लोटून ठेवतो. ढकललं की उघडेल असं. तरी रोज दिवस मावळताना वाजतं. दोनदाच. आई सांगते आणि मी जाऊन उघडते. संध्याकाळचे शिकवणीचे तास बंद केलेत मी त्यासाठी.

दार उघडंच असतं... तरी तो आत येत नाही.

आई म्हणते, येईल, रागावलाय.

मला भीती त्याचीच वाटते. ज्यांनी त्याला उतरवलं त्यांच्या दारावर तो वाजवत नाही. ढोल्याला मी फोन करून विचारलं, गायकाकडेही काही नाही. दोघांकडे सगळं शांत आहे. फक्त आमच्याकडे वाजतं. त्यांनी दार एकदा लावलं होतं. आम्ही दोघींनी बावीस वर्षं लावून ठेवलं होतं.

हे लिहिताना आत्ताच वाजलं. उघडून आले.

कोणी नाही.