हात खाली घ्या, मॅडम

विश्वास ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय हे.

गेल्या वर्षीची महिला महाविद्यालयांची राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा. अंतिम सामना. ऊन उतरायला लागलं होतं.

मी त्या सामन्याची पंच. बॅटिंग होते त्या होम प्लेटमागे, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीला जवळजवळ चिकटून उभी राहते. माझ्या आवाजामुळे मुली मला माझ्या माघारी 'तोफ' म्हणतात. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जायचे.

एका संघाची कॅचर अगदीच बारकी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. बॅटला पुसटसा लागून चेंडू थेट तिच्या मास्कवर आदळला आणि ती मागे, माझ्या पायांवर पडली.

मी सामना थांबवला. तिचे कोच धावत आले.

"सर... सगळं दोन-दोन दिसतंय," ती म्हणाली.

सर हसले. "मग दोन्ही चेंडू पकड."

चेंडू टाकणारी त्यांची पिचर जवळ आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, ताईलाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"जागेवर जा," सर गुरकावले.

ती गेली नाही. माझ्याकडे वळून तिने सगळं सांगून टाकलं. आदल्या वर्षी त्यांची कॅचर दुसरी होती, सगळ्यांची लाडकी ताई. तिलाही असाच मार बसला. तिलाही तसंच खेळवलं. परतीच्या बसमध्ये पिचरच्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली...

उठलीच नाही.

सरांनी तिच्या आईवडिलांना सांगितलं, की तिनेच दुखणं लपवलं. बाकीच्या मुलींना दम भरला, तोंड उघडलं तर संघातून बाहेर. करून सवरून नामानिराळे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चिमणीला बाहेर काढलं. मैदानावरच्या डॉक्टरबाई तिला घेऊन बाकावर बसल्या.

"दुसरी कॅचर पाठवा," मी सरांना म्हटलं आणि प्लेटवरची माती झाडायला वाकले.

मान वर केली तर एक मुलगी प्लेटमागे बसलेली. मास्क, पॅड, सगळं चढवून.

बरी पटकन आली, मी मनात म्हटलं. जागेवर उभी राहिले आणि 'प्ले' म्हणून खेळ सुरू केला.

थप्प. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये.

थप्प. पुन्हा स्ट्राइक.

कॅचरच्या मागे मी वर्षानुवर्षं उभी राहिलेय. दमलेल्या मुलींचा श्वास कानात येतो. काही पुटपुटत असतात, काही हळूच मलाच शिव्या घालतात.

हिचा श्वास...

येतच नव्हता.

आणि समोर पिचर चेंडू टाकत होती, रडत होती.

तेवढ्यात सरांचा आवाज आला. "मॅडम, मी अजून कुणाला पाठवलंच नाहीये. ती कोण बसलीय?"

मी बाकाकडे पाहिलं. त्या संघाकडे कॅचरचा एकच मास्क होता, एकच पॅड.

मास्क चिमणीच्या मांडीवर होता, पॅड अजून तिच्या अंगावर.

सर तरातरा प्लेटजवळ आले. "कोण गं तू? मास्क काढ."

तिने त्यांच्याकडे मान वळवली. मला चेहरा दिसला नाही. सरांना दिसला.

त्यांची दातखीळ बसली. गुडघे हळूहळू वाकले... आणि ते तिथेच, कॅचरसारखे, उकिडवे बसले. उघड्या तोंडाने.

ती उठली आणि पिचरच्या गोलाकडे चालत गेली. पिचरने बाजूला होऊन तिला जागा दिली.

सर आत शिरले तेव्हाच पिचरने चेंडू माझ्याकडे टाकला होता; तो माझ्या कमरेच्या पिशवीत होता. मी हात घालून पाहिलं. होता.

तरीही...

थप्प.

सरांचं डोकं मागे गेलं.

थप्प.

त्यांच्या नाकातून रक्त आलं. एकही मुलगी मदतीला धावली नाही. सगळ्या आपापल्या जागी उभ्या राहून बघत होत्या.

मी हात वर केला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "टाइम."

सगळं थांबलं.

पंचाचा हात वर असेपर्यंत चेंडू टाकता येत नाही. ती हात मागे नेऊन तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघत. मेल्यावरही पोरगी नियम पाळत होती.

पिचर माझ्याजवळ आली. "हात खाली घ्या ना, मॅडम. 'प्ले' म्हणा."

इतकं काकुळतीला येऊन माझ्याकडे आजवर कुणी काही मागितलेलं नाही.

मी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला, तरी नाही. सरांना घेऊन अॅम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली, तेव्हा गोलाकडे पाहिलं.

कुणी नव्हतं.

सामना तिथेच सोडून दिला. प्रेक्षकांना म्हणे फक्त सर कोसळताना दिसले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास, माराची खूण कुठेच नाही. चिमणी मात्र वाचली. आणखी एक फटका बसला असता तर काही खरं नव्हतं.

मला वाटलं, माणूस सुधारेल. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. महिन्याभरात ते पुन्हा मैदानावर हजर. ताईची आई त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "एकदा खरं सांगा, मग मी काही विचारणार नाही." त्यांनी दार लावून घेतलं. पिचरने फोन करून मला हे सांगितलं, तेव्हा मला रडूच आलं.

त्यानंतर मी पंच म्हणून उभी राहिलेले नाही. उद्या राहायचंय. यंदाच्या स्पर्धेचा पहिलाच सामना त्यांच्या संघाचा आहे आणि प्लेटमागे माझी नेमणूक झालीय.

आज त्यांचा सराव बघायला गेले. नवी कॅचर लंगडत होती. सर तिला म्हणत होते, "नाटकं नकोत."

सराव संपला. मुली निघून गेल्या. मीही वळले...

गोलात कुणीतरी उभं होतं.

हात मागे नेलेला. माझ्याकडे बघत.

पंचाने 'प्ले' म्हटल्याशिवाय सामना सुरू होत नाही. नवरा मघापासून मागे लागलाय, "फोन कर आणि तब्येत बरी नाही म्हणून सांग. दुसरं कुणीतरी उभं राहील."

फोन हातात आहे.

अजून केलेला नाही.